ब्रेकबाईंचं हेल्मेट

ब्रेकबाईंना माणसं चेहऱ्यावरून आठवत नाहीत, पायांवरून आठवतात. बँकेतला कॅशियर हसून "ओळखलं का?" म्हणाला की त्या काउंटरवरून वाकून आधी त्याचे बूट बघतात, आणि मग म्हणतात, "हो तर! क्लच सोडताना टाच उचलायचास." कुणाला हा आगाऊपणा वाटेल. पण ज्या बाईने अठ्ठावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांचे पाय बघण्यात काढली, तिने चेहरे बघायचे कधी?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बाईंचं नाव त्याच ब्रेकवरून पडलं. त्या ब्रेकने किती भिंती, किती कुत्री आणि निदान एक फळांची हातगाडी वाचवली, याची गणती नाही. स्वतः चालवायचं म्हणाल तर सकाळी गाडी काढून पहिल्या शिकाऊ माणसाच्या दारापर्यंत न्यायची, जेमतेम दीड किलोमीटर. तिथे चावी त्याच्या हातात द्यायची आणि आपण शेजारी बसायचं.

शिकणारा तयार झाला की नाही, हे ठरवायची त्यांची एक पद्धत होती. ज्या दिवशी आपला पाय ब्रेकपाशी आहे हे त्यांच्या लक्षातच राहत नसे, त्या दिवशी त्या चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. हे कुठल्याही नियमात बसत नाही, मान्य. पण लायसन्सच्या परीक्षेपेक्षा लोक त्या मांडीची वाट बघायचे. "मला सतराव्या दिवशी मांडी मिळाली," असं पोक्त माणसं चारचौघांत सांगतात. बाईंच्या नवऱ्याला मात्र लग्नाला तीस वर्षं होऊनही मांडी मिळालेली नाही. घरची गाडी ते चालवतात, बाई शेजारी बसतात, आणि जिथे ब्रेक नाहीच तिथे इतक्या जोराने पाय दाबतात की तिकडच्या पायपुसणीला टाचेएवढं भोक पडलंय.

तर या बाईंच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला लेकीने एक पाकीट हातात दिलं. आत रविवारचं बुकिंग होतं. रेसिंगच्या ट्रॅकवर नवशिक्यांचा दिवस, आपलीच गाडी, शेजारी तिथला प्रशिक्षक, दहा फेऱ्या. हेल्मेट ज्याने त्याने आणायचं.

"आई, तू आख्ख्या गावाला शिकवलंस. एकदा स्वतः चालव ना, मनसोक्त."

बाई वरवर हसल्या, लेकीच्या पाठीवर हात फिरवला, पण आत एक जुनी भीती होती, ती कुणालाच ठाऊक नव्हती. समजा स्टिअरिंग हातात आलं, रस्ता मोकळा मिळाला, आणि आपल्याला येतच नाही असं निघालं तर? मग त्या सगळ्या मांड्यांना काय अर्थ उरला? लेकीचं मन मोडवेना, आणि जायचा धीरही होईना. शेवटी त्यांनी एक पळवाट शोधली. आपलं डोकं अंमळ मोठंच आहे. हेल्मेट बसलंच नाही, तर कोण काय करणार?

दीर धावत आले ते आपलं मोटारसायकलचं जुनं हेल्मेट घेऊन. पण ट्रॅकवाल्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की गाडीच्या रेसिंगचंच हेल्मेट चालेल, ज्याचं अस्तर आगीत चटकन पेट घेत नाही. शिवाय दिरांचं हेल्मेट जिन्यावरून दोनदा गडगडलेलं होतं. बाईंनी ते आभार मानून परत केलं आणि लेकीला घेऊन टायरच्या दुकानावरच्या माडीवर, रेसिंगच्या हेल्मेटच्या दुकानात गेल्या.

हेल्मेटवाला साठीचा, किडकिडीत, गळ्यात शिंप्यासारखी टेप. दुकानाच्या मधोमध एका मोडीत काढलेल्या गाडीचा पुढचा अर्धा भाग ठेवलेला होता, छपरासकट, सीटांसकट. त्याचा नियम असा की हेल्मेट घालून त्या गाडीत वीस मिनिटं बसायचं. त्याशिवाय तो कुणालाही काही विकत नसे. "आरशासमोर सगळीच हेल्मेटं बसतात," तो म्हणायचा.

त्याने भुवयांच्या वरून टेप फिरवली. "डोकं मोठं नाहीये. लांबट आहे."

बाईंनी स्वतःच एक उचललं. चेहरा सगळा उघडा, खालपर्यंत दिसणारं. "हे बरंय."

"तोंड कशाला मोकळं हवं? सूचना द्यायच्यात?"

लेक खो खो हसली. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना खरंच सूचना द्यायच्या होत्या.

मग त्याने हनुवटी झाकणारं, पूर्ण हेल्मेट दिलं. बाईंचा चष्मा काढून, हेल्मेट चढवून, चष्म्याच्या काड्या परत हळूच आत सरकवल्या. हनुवटीपाशी धरून त्याने ते डावी-उजवीकडे हलवलं. "गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. तुमचं नुसतं हेल्मेटच फिरतंय. सैल आहे."

दुसरं घट्ट होतं. बाई गाडीत बसायला गेल्या त्या थेट शेजारच्या सीटवर.

"तिकडे नाही हो, इकडे. स्टिअरिंग इकडे आहे."

दहा मिनिटांनी त्याने हेल्मेट उतरवलं आणि कपाळावरचा लाल डाग बघितला. "हे टोचतंय. अर्ध्या तासात डोकं उठेल."

"म्हणजे नाहीच बसत ना?" बाईंच्या आवाजात आनंद मावेना. "जाऊ दे मग, राहिलं."

"याचा आतला आकार गोल आहे, म्हणून हे नाही बसलं. घाई कसली आहे?" असं म्हणत तो शिडी चढला आणि वरच्या फळीवरून तिसरं घेऊन आला.

तिसरं चढलं, आणि बाईंची पळवाट बंद झाली. सगळीकडून सारखं, नीट, कुणी दोन्ही हातांनी डोकं धरावं तसं. तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"यातून शेजारचं खाली दिसत नाही."

"खाली काय बघायचंय?"

"पाय."

"कुणाचे?"

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. त्या हेल्मेट निवडत होत्या ते शेजारच्या माणसाचे पाय बघायला! अठ्ठावीस वर्षांची सवय थेट दुकानात येऊन बसली होती.

"त्या दिवशी तुम्ही चालवणार," हेल्मेटवाला म्हणाला. "पाय बघायचे ते शेजारचा बघेल. तुम्ही पुढे बघा."

लेक खाली टायरच्या दुकानात हवा बघायला गेली होती. वीस मिनिटं संपायची होती. त्या अर्धवट गाडीत, हेल्मेटच्या आतून, बाईंनी जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या माणसाला सांगून टाकलं.

"मला येत नसेल तर?"

तो घड्याळाकडे बघत होता. "ते हेल्मेटमध्ये कळत नाही. रविवारी कळेल." मग म्हणाला, "पण भीती वाटली म्हणून सैल हेल्मेट मी देणार नाही."

उतरवल्यावर कपाळावर एकही डाग नव्हता. बाईंना या खडूस माणसाबद्दल एकदम माया वाटली. शिकाऊ लोकांशी त्या स्वतः असंच बोलत आल्या होत्या.

रविवारी ट्रॅकवरचा प्रशिक्षक चाळिशीचा, शांत माणूस निघाला. घरच्या गाडीत बसताना तो खाली बघून थबकला. "इथे भोक कसलं पडलंय?"

"ते माझं आहे," बाई म्हणाल्या आणि हेल्मेटचा पट्टा ओढला.

पहिल्या फेरीत त्यांचे हात घामाने निसटत होते. दुसऱ्या फेरीत वळणाआधी त्यांनी इतक्या लवकर ब्रेक लावला की मागचा पिवळ्या गाडीवाला वैतागला असणार. तिसऱ्या फेरीत सवयीने त्यांची नजर शेजारी, खाली वळली. हेल्मेटची कड आडवी आली. काहीच दिसलं नाही. दिसत होता तो फक्त पुढचा रस्ता, आणि मग नाइलाजाने म्हणा की कसं, त्या रस्त्याकडेच बघू लागल्या.

"वळण संपतं तिकडे बघा," प्रशिक्षक म्हणाला. त्यांनी बघितलं. गाडी तिकडे गेली. पुढचं वळणही तसंच गेलं, आणि त्याच्या पुढचंही. वेग काही फार नव्हता, पिवळी गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. पण हात सुकले होते, पाय आपापलं काम करत होते, आणि दहावी फेरी संपल्याची खूण झाली तेव्हा बाई मोठ्याने म्हणाल्या, "एवढ्यात?"

गाडी थांबवून त्यांनी हेल्मेट उतरवलं. केस चपटे झाले होते, कान लाल. प्रशिक्षक अजून बसलेलाच होता.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शिकाऊ माणसाचा निघाला.

"खरं सांगू? पहिल्या तीन फेऱ्या मी तुमच्या त्या भोकावर पाय रोवून बसलो होतो." तो दार उघडता उघडता हसला. "नंतर माझे पाय कुठे होते, मला आठवत नाही."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आपण काय बोलून गेलो ते. तो पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा.

लेक कठड्यापाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. बाईंना तिचे उपकार मानायचे होते, त्या किडकिडीत हेल्मेटवाल्याचेही, आणि थरथरत्या पायांनी आपल्या शेजारी बसलेल्या त्या सगळ्यांचे. त्यांनी हेल्मेट लेकीच्या हातात दिलं, बूट काढून बाजूला ठेवले आणि कठड्यावर चढून मांडी घालून बसल्या.