पडलेला फरक

येडगावचा सोमाजी बाभळीवरून पडला तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. मेंढरांसाठी पाला तोडताना फांदी मोडली आणि तो पाठीवर आपटला. मणक्याचं ऑपरेशन झालं, काठी टेकत तो चालूही लागला. पण कमरेपासून पायांपर्यंत जी आग लागली ती काही विझेना. मेंढरं भावाच्या कळपात गेली. गोळ्या वाढत गेल्या, तशी त्याला गुंगी यायची, दुखणं मात्र जागंच राहायचं. बायको गजराबाई पाठीला हात लावायला आली तरी तो ओरडायचा. पुढं तिनं हात लावणंच सोडलं.

२००५ साली पुण्याच्या डॉक्टरांनी पंपाचं सांगितलं. पोटाच्या कातडीखाली डबीएवढं यंत्र बसवायचं, त्यातून बारीक नळीनं मणक्यात थेंबथेंब औषध जात राहणार.

"पण आधी नुसती नळी घालून बघू. औषध सोसलं तरच पंप."

सकाळी नळी घातली. दुपारपर्यंत आग ओसरली. सोमाजी कुशीवर वळला.

"गजरे, हात ठिव गं पाठीवर."

तिनं भीतभीत ठेवला. तो ओरडला नाही.

"लई गार हाय तुजा हात," म्हणाला आणि रडायलाच लागला.

मग त्याचा डोळा लागला. गजराबाईला बरं वाटलं. पण बघता बघता श्वास लांबत चालले, ओठ काळेनिळे पडले. ती सिस्टरला हाका मारत धावली. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. श्वास परत आला आणि आगही, एकदमच. सोमाजीच्या किंकाळीनं सगळा वॉर्ड गप्प झाला.

नंतर औषध कमी करून पाहिलं, त्यानं काहीच होईना. बदलून पाहिलं, तर ते चालू असेपर्यंत पाय लुळे पडले. शेवटी डॉक्टर खाटेजवळ येऊन बसले.

"सोमाजी, जेवढ्या औषधानं तुमचं दुखणं थांबतं, तेवढ्यानं श्वासही थांबायला लागतो. पंप बसवता येणार नाही."

"मंग थांबू द्या की."

डॉक्टरांनी नळी काढली.

गावात लोक विचारायचे, "काय भाऊ, पडला का फरक?"

"पडला व्हता," एवढंच तो सांगायचा.

इतकी वर्षं दुखण्यावाचून दुसरं काही त्याला आठवतच नव्हतं. आता ती एक दुपार आठवायची.

"तिकडं गेलोच नसतो तर बरं व्हतं," एकदा तो चुलीपाशी म्हणाला.

गजराबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय," म्हणाली.