पडद्यावरचा हात

"हा हात कुणाचा?" बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी विचारले.

गोंदियातल्या आमच्या महाविद्यालयाचे सभागृह, परिषदेचा दिवस. पडद्यावर धानाची लोंबी, ती धरणारा काळपट तळवा, नखांच्या कडांत वाळलेला चिखल, मनगटावर दोन हिरव्या बांगड्या. व्यासपीठावर माझे मार्गदर्शक सर. मी खाली, संगणकापाशी, चित्रे पुढे सरकवण्याच्या कामावर.

"असेल कुणीतरी मजूर बाई," सर हसून म्हणाले. "बेटा, नेक्स्ट."

मी कळ दाबली. हात गेला.

तो माझ्या मायचा हात होता.

अर्जुनी मोरगावकडे आम्ही दुसऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, ठेक्याने करतो. माय जुन्या वाणांच्या धानाचे बियाणे राखेत घोळून मडक्यांत जपते. बी पुरते वाळले की नाही, हे ती दाताखाली धरून सांगते. कट्ट वाजले तर मडक्यात. दबले तर पुन्हा उन्हात. तीन हंगाम मी तिच्याजवळ बसून वह्या भरल्या. एका रकान्यात ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा, शेजारच्या रकान्यात मायच्या दाताचा निर्णय. माझा सगळा प्रबंध या दोन रकान्यांवर उभा आहे. त्या दिवशी सरांनी दात आणि यंत्र ताडून पाहण्याची ही रीत 'मला सुचलेली पद्धत' म्हणून मांडली. शेवटच्या चित्रात आभार होते. तिथे माझे नाव, सभागृह सजवणाऱ्यांच्या खालोखाल. मायचे कुठेच नाही.

टाळ्या झाल्या. चहाला वेलचीचा वास होता. माझ्या नाकात मात्र ओल्या धानाचा कुबट दर्प बसला होता.

सर पहिल्या दिवसापासून गोड बोलत आले होते. परतीच्या बसमध्ये मी त्यांचे एकेक वाक्य दाताखाली धरून पाहिले. 'वही माझ्याकडे असू दे, हरवेल.' 'परिषदेत तू बोलू नकोस, तुझ्या बोलीला लोक हसतील.' 'तू तर माझ्या मुलीसारखी.' एकही वाजले नाही. सगळी दबली.

घरी माय सुपात तांदूळ पाखडत होती. मी सारे सांगितले. सूप थांबले नाही.

"मजूर म्हटलं त काय खोटं म्हटलं? करतोच ना मी मजुरी." मग तिने वर पाहिले. "पण तू काऊन चूप राहिली? बटन त तूच दाबून राहिली होती."

तोवर मी फक्त सरांवर संशय घेत होते. त्या सांजेला मी माझ्या बोटाकडे पाहिले.

सोमवारी सरांनी बोलावले. टेबलावर माझा सहामाही प्रगती अहवाल होता. त्यावर मार्गदर्शकाची सही नसेल तर पुढचे सारे अडते. शेजारी एक टंकलेले पत्र. शेतावरच्या सर्व नोंदी सरांच्या प्रकल्पाच्या आहेत, त्यांवर माझा हक्क नाही, असे त्यात मीच लिहून देत होते.

"आधी तू इथे सही कर, मग मी तिथे करतो," सर म्हणाले. "आणि उरलेल्या वह्या ठेवून जा."

मी पत्र दोनदा वाचले. पेनाचे टोपण लावले.

"तो हात माझ्या आईचा आहे, सर. सही होणार नाही. वह्या मिळणार नाहीत."

ते रागावले नाहीत. खुर्चीत मागे रेलले. "सोच लो, बेटा. दुसरा गाईड तुला कोण देणार आहे?"

"बेटा म्हणू नका."

अहवाल सहीविना पिशवीत घालून मी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी संशोधन समितीकडे लेखी तक्रार दिली. कारकुनाने शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती, बोटाला लागली. त्या शिक्क्यावर माझा विश्वास नाही. समितीत सरांच्याच पंगतीला बसणारे लोक आहेत. म्हणून प्रत्येक पानाची प्रत माझ्याकडे आहे, आणि वह्या मायच्या मडक्यांमागे.

समितीवाले बोलावतील तेव्हा मी तेच चित्र पडद्यावर लावीन. हात कुणाचा, हे कुणी विचारण्याआधी माझ्या बोलीत सांगेन. सांगून होईपर्यंत कळ दाबणार नाही.