तिसरा ठिपका

एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत डॉक्टर कृष्णस्वामींचा दवाखाना होता. पाटीवर नाव डॉक्टरांचं, पण लोक म्हणायचे, "वलिक्कादु सारकडे जाऊन येतो." सार म्हणजे सर, आणि हे सर म्हणजे तिथले कंपौंडर तुळजाजीराव. वलिक्कादु म्हणजे दुखणार नाही. पिचकारीत औषध भरताना, दंडावर कापूस फिरवताना ते हा शब्द एखाद्या नामस्मरणासारखा म्हणत राहायचे आणि ऐन वेळी रोग्याला विचारायचे, "सकाळी काय खाल्लं?" रोगी इडली म्हणेपर्यंत काम झालेलं असे. 'इ'ला सुई आत, 'ली'ला बाहेर. पुढे म्हातारपणी ते सांगत, की मी अर्ध्या मद्रासची न्याहारी विचारलेली आहे.

असा हा माणूस स्वतः सुईला भीत असे. भीत असे म्हणणं म्हणजे त्यांची लाज राखणं झालं. सुईचं टोक दुसऱ्याकडे असलं की तुळजाजीराव शूर, आणि तेच टोक आपल्याकडे वळलं की पायांतलं बळ जाई. देवीच्या लशीचा वण त्यांच्या दंडावर होता, पण तो पाळण्यातला. तेव्हा पळता येत नव्हतं. दवाखान्यातल्या माणसांना दरवर्षी कॉलऱ्याची लस घ्यावी लागे. तुळजाजीराव "माझी मीच टोचून घेतो" म्हणून आतल्या खोलीत जायचे आणि दंड चोळत बाहेर यायचे. दंड चोळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ही गोष्ट एका राजसबाईंनाच ठाऊक होती. त्यांची बायको. तिला ती लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती.

लग्न झालं तंजावरला, त्रेपन्न साली. राजसबाईंच्या माहेरी एक रीत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गोंदणारी कुरत्ती, गावोगाव फिरणाऱ्या जमातीतली बाई, परसात येऊन बसायची. नवरीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कोलम गोंदायचा, दारात काढतात तशीच रांगोळी, आणि नवऱ्याच्या मनगटावर फक्त तीन ठिपके. आधी ठिपके मांडल्याशिवाय रांगोळीची रेघ वळत नाही, म्हणून ठिपके नवऱ्याचे. अठरा वर्षांची राजसबाई दोन तास हात पुढं करून बसली. मान गोठ्याकडं वळवलेली, ओठ दाताखाली. तिचं झालं आणि नवरदेवाला हाक गेली, तर नवरदेव गायब. दिवेलागणीला उगवले ते सांगत, की मद्रासच्या नोकरीची तार आली होती म्हणून तारऑफिसात गेलो होतो. ती तार कुणी पाहिली नाही. कुरत्ती तर केव्हाच पुढच्या गावाला गेली होती. राजसबाईंनी त्या दिवशी काही विचारलं नाही. पुढची सव्वीस वर्षंही विचारलं नाही, आणि तुळजाजीरावांना वाटलं, विसरली.

एकोणऐंशी साली राजसबाईंच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर कृष्णस्वामींनी तुळजाजीरावांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "ह्या महिन्यात ऑपरेशन करून घ्या. आत फुटलं तर मग देवच." राजसबाई म्हणाल्या, नोको. त्यांची आत्या अशीच पोट चिरायला म्हणून आत गेली होती, ती परत आली नव्हती.

"अगं, काही दुखत नाही," तुळजाजीराव म्हणाले. "भूल देतात. कळतसुद्धा नाही."

"तुम्हांला काय ठाऊक?"

"मी वीस वर्षं ह्याच कामात आहे!"

"सुईच्या कुठल्या बाजूला आहां, ते सांगा की आधी."

मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. ती गेली तर उरतं काय, हा विचार मनात आला की तुळजाजीरावांच्या हातून औषध मापाबाहेर जायचं. पंधरा दिवसांत तीन कळा येऊन गेल्या. तिसरी आली तेव्हा राजसबाई डोशाचं पीठ वाटत होत्या. त्या रगड्यावरच ओणव्या झाल्या, तोंडातून शब्द फुटेना. कळ ओसरल्यावर तुळजाजीरावांनी चक्क त्यांचे पाय धरले.

"अय्यो, पाय काय धरतां!" राजसबाई म्हणाल्या आणि त्यांनी हिरवा कोलम असलेला हात पुढं केला. "माझे तीन ठिपके राहिलेत. ते घेऊन या. तुम्ही सुई सोसलीत, तर मी सुरी सोसेन."

तुळजाजीरावांनी दोन दिवस विचार केला. विचाराचं फळ असं, की दवाखान्यातल्या जांभळ्या औषधात काडी बुडवून त्यांनी मनगटावर तीन सुबक ठिपके काढले आणि वर पट्टी बांधून कण्हत घरी आले. राजसबाईंनी पट्टी सोडली.

"गोंदण हिरवं असतं हो," त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. अर्धं मद्रास टोचणाऱ्या माणसाला गोंदणाचा रंग आठवू नये! तुळजाजीरावांना स्वतःच्या अकलेची कीव आली.

आता गत्यंतर नव्हतं. स्टेशनच्या भिंतीशी एक म्हातारी कुरत्ती मणी, फण्या मांडून बसायची आणि कुणी हात पुढं केला तर गोंदायची. रविवारी सकाळी तुळजाजीराव तिच्याकडे निघाले ते मोहिमेवर निघाल्यासारखे. पिशवीत स्पिरिटची बाटली, कापूस, सुया उकळायचं भांडं, स्टोव्ह आणि सोड्याच्या दुकानातून घेतलेला बर्फ. जागा बधिर करायचं औषधही त्यांनी हातात घेऊन पाहिलं होतं. पण ते जातं सुईनंच, म्हणून पुन्हा कपाटात ठेवलं.

कुरत्तीच्या तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या होत्या. तुळजाजीरावांनी त्या वीस मिनिटं उकळल्या. मग शंका आली म्हणून आणखी वीस मिनिटं. मग मनगटावर बर्फ धरला. म्हातारीनं तो काढून गटारात टाकला. म्हणाली, गारठलेल्या कातडीत रंग धरत नाही. मग तिनं काजळी आणि पाल्याचा रस कालवला, पानाची पिंक टाकली आणि त्यांचं मनगट गुडघ्यावर घट्ट दाबलं.

"वलिक्कादु?" तुळजाजीरावांनी विचारलं. हा शब्द प्रश्न म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारत होते.

"वलिक्कुम," म्हातारी म्हणाली. दुखेल. "ओरड. ओरडलं की अर्धं बाहेर जातं."

भर रस्त्यात ओरडायचं? एवढ्या नावाजलेल्या कंपौंडरनं? त्यांनी आपली हमखास युक्ती काढली आणि मनातल्या मनात स्वतःला विचारलं, सकाळी काय खाल्लं? पण स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं. उपमा. 'उ' म्हणेपर्यंत सुया शिरल्या आणि 'पमा'चं काय झालं ते कळलंच नाही. स्टेशनातल्या हमालांनी डोक्यावरची ओझी सावरून वळून पाहिलं, एवढी मोठी किंकाळी होती.

आणि एका ठिपक्याला एकदा टोचून भागत नाही. पंधरा-वीस वेळा टोचतात. तुळजाजीरावांनी श्वास रोखून पाहिला, आकडे मोजून पाहिले, रामरक्षा म्हटली; ती दुसऱ्या ओळीच्या पुढं जाईना. बघे जमले. त्यांत एक ऑटोवाला होता. त्याला परवाच तुळजाजीरावांनी पाठीमागं इंजेक्शन दिलं होतं. तो पुढं वाकून अत्यंत मायेनं म्हणाला, "सार, वलिक्कादु, वलिक्कादु!" वीस वर्षांत आपण लोकांशी कसं वागत आलो, हे तुळजाजीरावांना त्या क्षणी समजलं.

दुसरा ठिपका पुरा होता होता आकाश खाली आलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी त्यांच्याच पिशवीतला स्पिरिटचा बोळा होता आणि म्हातारी सुया पुसून ठेवत होती. तिसरा आज नाही, म्हणाली. पोलीस येतील.

घरी राजसबाईंनी मनगट उजेडात धरलं. हिरवट काळे, सुजलेले दोन ठिपके. बोट ठेवून त्यांनी मोजले, पुन्हा मोजले.

"तिसरा?"

"चक्कर आली," तुळजाजीराव म्हणाले. "उद्या जातो. परवा नक्की जातो." ह्या एका ठिपक्यापायी ती नाही म्हणणार, आणि माझ्या भित्रेपणानं तिचा जीव जाणार, ह्या विचारानं त्यांना रडू आलं. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

राजसबाई महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. हसता हसता कूस दाबून धरली. "पोदुम् हो, पुरे," त्या म्हणाल्या. "तिसरा मी परत आल्यावर घ्या. आले तर."

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात चाकांच्या गाडीवरून आत नेताना त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "दुखेल?"

जिभेवर तो जुना शब्द आला होता. वीस वर्षांची सवय. तुळजाजीरावांनी तो गिळला. "दुखेल," ते म्हणाले. "शुद्धीवर आलीस की फार दुखेल. तेव्हा ओरड. मी इथं बाकावरच आहे."

"आतां खरं बोललांत," राजसबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून आत गेल्या. तीन तास तुळजाजीराव बाकावर बसून होते, अंगठ्यानं दोन ठिपके दाबत. पाणी प्यायलाही ते उठले नाहीत. मी इथंच आहे असं सांगून बसले होते.

त्या परत आल्या. दवाखान्यात तुळजाजीराव आता रोग्यांना सांगू लागले, "वलिक्कुम. ओरडा." काही रोगी त्यामुळं दुसऱ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर कृष्णस्वामींनी भुवया उंचावल्या. पण जुनं नाव काही सुटलं नाही. दुखेल म्हणणाऱ्यालाही लोक वलिक्कादु सारच म्हणत राहिले.

टाके भरून आल्यावर एका सकाळी राजसबाईच नवऱ्याला घेऊन स्टेशनच्या भिंतीशी आल्या. तुळजाजीरावांनी वाटेत तीनदा सांगून पाहिलं, की तुझी तब्येत अजून नाजूक आहे, उन्हात फिरू नये. म्हातारीनं त्यांना ओळखलं आणि शेजारच्या फुलवालीला जरा सरकून बसायला सांगितलं. पडले तर जागा हवी.

मनगट पुन्हा म्हातारीच्या गुडघ्यावर गेलं. दुसरा हात राजसबाईंनी आपल्या हातात घेतला. तुळजाजीरावांनी ओरडण्यासाठी छाती भरून घेतली. सुया टेकणार, तेवढ्यात राजसबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठं होतां?"

"कुठल्या दिवशी?"

"तारेच्या."

सव्वीस वर्षं! म्हणजे ती काहीच विसरली नव्हती. आता तारऑफिस सांगण्यात अर्थ नव्हता. "परसातल्या गोठ्यात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वैरणीच्या मागं."

"मग तिथून ऐकूं येत होतं?"

"सगळं. सुईची टकटकसुद्धा. तू ओरडतेस का, तेच ऐकत बसलो होतो. तू ओरडली नाहीस."

"ओरडले असते, तर आलां असतां बाहेर?"

हो म्हणणं सोपं होतं. पण बाकावर बसल्या दिवसापासून सोपं उत्तर देणं त्यांना जमेनासं झालं होतं. तुळजाजीराव खरंच आठवू लागले. वैरणीचा वास, अंधार, घामानं भिजलेलं नवं धोतर, आणि पाय. त्या पायांनी उठून परसात आपण आलो असतो का? बराच वेळ ते त्या पायांकडंच पाहत राहिले.

"मुडिंजिदु," म्हातारी म्हणाली. झालं. ती मनगटावर हळद चोळत होती. तिसरा ठिपका पुरा झाला होता, आणि तुळजाजीराव ओरडायचं विसरले होते.

राजसबाई मात्र अजून त्यांच्या तोंडाकडं पाहत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं.

"नसतो आलो," तुळजाजीराव म्हणाले.

"ठाऊक होतं मला," राजसबाई म्हणाल्या. त्यांनी त्यांचा हात सोडला नव्हता. "वैरणीमागून तुमचं नवं धोतर दिसत होतं. म्हणूनच ओरडले नाहीं."