आधी चालून बघा

चपलावाल्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्याने पैसे घ्यायला नकार दिला तेव्हा. "बाई, कोपऱ्यापर्यंत चालून या. चावली नाही, तर द्या."

पुढे एक एजंट त्याच्या मागे लागला. समुद्रकाठच्या बंगल्यात दरवर्षी एक आठवडा राहायचं, पंचवीस वर्षं. पैसे मात्र आजच. सगळी पुंजी जाणार होती, पण बायकोला त्याने कधीच कुठे नेलं नव्हतं.

"आधी चालून बघतो," म्हणत त्याने बायकोला घेऊन त्याच बंगल्यात चार दिवस खोली भाड्याने घेतली.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "झकास आहे हो. पण पंचवीस वर्षं हेच पाणी बघायचं? पुढच्या वर्षी डोंगर दाखवा."

एजंट हात चोळत बसला आणि पुंजी शाबूत राहिली.

या आठवड्यात दुकान बंद आहे. दोघं डोंगरात गेली आहेत.