नऊ झाडांचा बहार

घे, चहा घे. अन् मी सांगून राहिली त्यातल्या एका तरी अक्षरावर इस्वास ठेवून दाखव. आजवर कोनी ठेवला नाई. सारा मोहल्ला एवढंच म्हन्ते, गंगा फुलवालीनं संत्र्याचा बहार चोरला. मी चोरला नाई, मागून आनला. हां, मागताना तोंडातून जे निंघालं ते खोटं होतं. पन मंग ते खरंच निंघालं. आता काय सांगू तुले, तेथंच तर सारा घोळ झाला.

त्या काळात नागपुरात आतासारखे हॉल अन् लॉन कोठं होते? मोहल्ल्यात मोकळं मैदान असे. तेथं बल्ल्या गाडायच्या, वरतून कापड तानायचं, झाला मांडव. तो मांडव फुलानं भरून देनं हा माहा धंदा. नवरा माहा मागावर लुगडे विनत होता, अन् फुलाचं काम माहं. माह्यासारखं तोरन कोनी बांधत नाई, असं लोक म्हनत. बरं, मीच म्हनत होती. पन लोकं नाई कोठं म्हनत होते?

तेवढ्यात बाबूलालचं खूळ निंघालं. डेकोरेशनवाला. त्याच्याजवळ कागदाचे फुलं, गुलाबी, हिरवे, निळे. निळा झेंडू पाह्यला काय वं तू कधी? धूळ बसली का झटकायचे अन् पुढच्या लगनात लावायचे. एकाच तोरनाखाली त्यानं पंधरा नवऱ्या उभ्या केल्या असतीन.

अन् आमच्या गल्लीतल्या वामन मास्तराच्या कुसुमचं लगन ठरलं. मास्तर म्हंजे सरळ मानूस, शाळेत पोट्ट्यावर ओरडताना बी पह्यले खाकरत. पाव्हने कळमेश्वराकडचे, शेतीवाडीवाले, एवढं मले माईत होतं. शेतीत काय पेरतात हे मी काहून इचारू? मले थोडंच तेथं नांदाले जायचं होतं.

बाबूलाल मास्तराच्या ओसरीवर येऊन बसला. म्हने, "मास्तरजी, असली फूल शाम तक मुरझा जाते हैं. मेरा फूल देखो. पिछले साल का है, एकदम ताजा."

मी तेथंच होती. मी म्हनलं, "मास्तर, कुसुमच्या मांडवाले कागदाचं एक जरी फूल लागलं नं, तं मी टोपली नाल्यात फेकून देईन. धंदा बंद. मंग मैदानातले सारे मांडव या बाबूलालचे."

"लिख के दो, गंगाबाई."

"मले लिवता येत असतं तं मी फुलं इकली असती काय?" मी म्हनलं. दुसरीतूनच शाळा सुटली माही. पन जबान म्हंजे जबान.

कुसुम दाराआडून ऐकून रायली होती. म्हने, "मावशी, पांढरे लावजा. वासाचे."

"वास तुह्या सासऱ्याच्या नाकात जाऊन बसन असे लावते," मी म्हनलं. हे बोलनं ध्यानात ठेव.

अन् मंग मी काय केलं? काईच नाई. बाबूलालची कशी जिरवली ते सांगत मोहल्लाभर फिरली. फुलं आगाऊ सांगून ठेवा लागतात हे शेंबडं पोट्टं बी जानते. मी लगनाले दोन दिवस रायले तवा बाजारात गेली. पाह्यते तं टोपल्या खाली. त्या तिथीवर सारं नागपूर बोहल्यावर उभं. शेवंती गेली, निशिगंध गेला, झेंडूची पाकळी नाई. एका बाईजवळ कन्हेरीचे चार फुलं होते, ते बी तिनं देवासाठी ठेवले होते.

कोपऱ्यात बाबूलाल उभा. फुलं घ्याले नाई, मले पाहाले आला होता.

"क्या मिला, गंगाबाई?"

"मले पाह्यजे ते येथं भेटतच नाई," मी म्हनलं, अन् मान ताठ करून निंघाली. मान ताठ होती वं, टोपली रिकामी होती.

घरी येऊन बसली तवा आठवलं. मांगच्या आठोड्यात कळमेश्वराच्या रस्त्यानं येताना यश्टीच्या खिडकीतून असा वास आला होता का ड्रायव्हरनं बी गाडी हळू केली होती. संत्र्याचा बहार. पांढरा, वासाचा, कुसुमनं मागितला तसाच.

आता संत्र्याचं तुले सांगा लागते. झाडाचं दोन महिने पानी तोडतात. झाड पार सुकून जाते. मंग पानी सोडलं का ते अंगभर फुलते. जेवढं फूल, तेवढं फळ. म्हनून बागवाला त्या दिवसात फुलाले कोनाचा हात लागू देत नाई. मले हे सारं माईत होतं. माईत असून गेली. लिवून घे पाह्यजे तं.

लगनाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं उतरली अन् पह्यली जे बाग दिसली तेच्या फाटकावर गेली. बुढा रखवालदार काठी घेऊन उठला. सोमा त्याचं नाव.

"कोन वं तू?"

"मालकानं पाठवलं," मी म्हनलं. "मालकाच्या पोराचं लगन हाय नं, मांडवाले बहार पाह्यजे म्हने."

मालक कोन, त्याले पोरगा हाय का सात पोरी, मले काय माईत? तोंडात आलं ते बोलली. मले वाटलं आता काठी पडते पाठीवर.

सोमा म्हने, "हो, उद्याच हाय लगन. मले बी नवं धोतर देल्लं मालकानं."

मी मनात म्हनलं, काय मानूस हाय बापा. मी एक खोटं बोलली तं यानं त्याले आपलं धोतर जोडून देल्लं.

मंग त्यानं डोकं खाजवलं. "पन बहार? मालक तं मालकिनीले बी केसात घालू देत नाई. एक फूल खाली पडलं तं त्यायले जेवन जात नाई."

"पोराचं लगन कितीदा होते गा? अशा वक्ती मानूस इरघळते."

"ते बी खरं हाय," सोमा म्हने, अन् त्याच्या डोळ्याले पानीच आलं. "मालक इरघळले म्हंजे पाहा. मंग इहिरीजवळचे झाडं घेऊ. तेच साऱ्यात चांगले फुलले."

मी चार डांगा, म्हंजे फांद्या, मागितल्या होत्या. त्यानं नऊ झाडं उघडे केले. खुशीनं केले, गानं म्हनत केले. मी थांबवलं काय? नाई थांबवलं. वरतून म्हनलं, त्या खालच्या डांगीले बी चांगला दिसून रायला. ओल्या फडक्यात सारं बांधलं, अन् भाजीचा ट्रक नागपूरले जात होता त्याच्यात सोमानंच चढवून देल्लं. म्हने, "मालक कालपासून नागपुरातच हायत, त्यायले माहा रामराम सांगजा."

"सांगते नं," मी म्हनलं. रस्ताभर हासत आली त्याच्या भोळेपनावर.

दुसऱ्या दिवशी मी असा मांडव भरला वं, तसा आजवर कोनी भरला नाई. बल्ल्या दिसत नव्हत्या. खाली हिरवे पानं, वरतून पांढरी साय. मधमाशा न बलावता आल्या अन् पाव्हन्यासारख्या बसल्या. बाबूलाल आला, नाक वर करून उभा रायला.

"कौन सा फूल है ये?"

"ताजा," मी म्हनलं.

संध्याकाळी वरात आली. बँड वाजून रायला, नवरदेव घोड्यावर, अन् समोर सासरा, दौलतराव. उंचपुरा, डोक्यावर केशरी फेटा. मांडवाच्या दाराशी आला अन् थांबला. नाक वर केलं. हात वर केला. बँड बंद.

"बहार," म्हने.

मास्तर हात जोडून पुढं झाले. "खास तुमच्यासाठीच आनवला."

दौलतरावानं एका डांगीले हात लावला. तापातल्या लेकराच्या कपाळाले लावतात तसा. म्हने, "मास्तर, हा ज्याच्या बागेतला असन तो मानूस आज घरी रडत असन. कोन्या पाप्यानं तोडला?"

मास्तरानं माह्याकडं पाह्यलं. मी बाबूलालकडं पाह्यलं. अन् तेवढ्यात वऱ्हाडातून एक कोरं करकरीत धोतर पुढं आलं. वर पाह्यते तं सोमा.

"रडाचं काय काम, मालक?" त्याचं तोंड आनंदानं फाटून चाललं होतं. "आपलाच तं हाय. इहिरीजवळचा. तुमी सांगतलं तसा साऱ्या नऊ झाडाचा तोडून देल्ला."

साऱ्या मैदानात एकटं घोडं फुरफुरलं.

"मी सांगतलं?" दौलतराव म्हने. मंग हळूच मास्तराकडं वळला. "माह्याच बागेत चोरी करून माह्याच पोराचा मांडव सजवला? अशा घरची पोरगी मी घरात नेऊ?"

मास्तर नुसते खाकरतच रायले. कुसुम हार घेऊन पाटाजवळ उभी होती. तिच्या मुंडावळ्या हालून रायल्या होत्या, वारं तं नव्हतं.

खरं सांगते, माहे पाय मांगच्या मांगं कनातीकडं चालले होते. दोन पावलं अन् मी बाहेर. पन त्या पोरीनं माह्याकडं पाह्यलं अन् मले संताप आला. कोनाचा, ते अजून माईत नाई. बहुतेक माहाच.

मी पुढं गेली. म्हनलं, "मास्तरावर काहून चिडता? त्यायले काई माईत नाई. खोटं मी बोलली. मालकाच्या पोराचं लगन हाय म्हनून सांगतलं. आता तुमीच सांगा, लगन हाय का नाई? पोरगा तुमचाच हाय का नाई? बहार मांडवालेच लागला का नाई? मालकानं पाठवलं, एवढंच तेवढं खोटं होतं. तेवढं तुमी आता खरं करून टाका."

बँडवाल्यातला कोनीतरी फिसकन हासला. दौलतरावाचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. मले वाटलं आता गेलं सारं.

तेवढ्यात बायामधून एक बारीकशी बाई निंघाली. त्याची बायको. सरळ मांडवाच्या खांबाजवळ गेली, बहाराची एक डांगी मोडली अन् अंबाड्यात खोचली. नवऱ्याच्या डोळ्यासमोर.

"तीस वर्षं झाले तुमच्या घरात येऊन," ती म्हने. "दर वर्षी नुसता वास घेतला." मंग दुसरी डांगी मोडून कुसुमच्या केसात खोचली. "चला, मुहूर्त जाऊन रायला."

तो मानूस बायकोच्या अंबाड्याकडं पाह्यतच रायला. मंग म्हने, "अंतरपाट धरा."

लगन लागलं. जाताना दौलतराव माह्याजवळ आला. शांत आवाजात म्हने, "बाई, त्या नऊ झाडाची संत्री मी तुमच्या घरी पोचवून देईन."

काय मोठ्या मनाचा मानूस, मी म्हनलं. दुसऱ्या दिवशीपासून मोहल्लाभर सुरू. चोरी कशाची, मालक सोताहून संत्री पाठवून रायला. नऊ झाडाची. हजारानं निंघतीन. तुमाले दोन, तुमाले चार. बाबूलालले बी म्हनलं, थैला घेऊन ये, कागदाचं फूल खाता येत नाई.

दिवाळीच्या मागंपुढं संत्री निंघाली, अन् सोमा तेच धोतर घालून, खांद्यावर पेटी घेऊन दारात उभा. सारा मोहल्ला टोपल्या घेऊन जमा. बाबूलाल थैला घेऊन पुढंच. मी हातोडी आनली अन् साऱ्याच्या समोर फळ्या उचकटल्या.

आत वाळलेलं गवत. गवत उचललं. खाली पेटीचा तळ.

सोमा म्हने, "मालकानं सांगतलं, नऊ झाडाची जेवढी निंघाली तेवढी सारी हायत. घरी एक बी ठेवून घेतली नाई."

बाबूलालनं खिशातून कागदाचं एक गुलाबी फूल काढलं, फुंकर मारली अन् पेटीत ठेवलं. म्हने, "पिछले साल का है, गंगाबाई. ताजा."

हासून रायली काय? हास. मी काई टोपली नाल्यात फेकली नाई, कुसुमच्या मांडवाले कागदाचं फूल लागलंच नव्हतं. अन् ते पेटी बी फेकली नाई. उलटी करून ठेवली. आल्या गेल्याले बसाले होते.

खाली काय पाह्यते? हो, तेच. तेच्यावरच बसली हायस मघापासून. ऊठ. चहा झाला नं? जाय आता.