नलूताईंनी काढलेली फुलझाडं

कांजूरमार्गला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नलिनी तोरसकर, म्हणजे नलूताई, घाटकोपरच्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होत्या. बाई असून ड्राफ्ट्समन कशा, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “पगार तरी कुठे ड्राफ्ट्समनचा देतात? नाव कशाला बदलू?” वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्या आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी ड्रॉइंग बोर्डाला चिकटल्या त्या चिकटल्याच.

रेघ सुरेख होतीच, पण त्यांचं खरं कसब जागांना भलती नावं देण्यात. प्लॉटवर किती बांधायचं याचं सरकारी माप असतं, एफएसआय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खिडकीबाहेरचा फुलझाडांचा कट्टा या मापात धरत नसत. त्यामुळे त्यांचे साहेब मिहिर सांगायचे, “नलिनी, बेडरूम तीन फूट वाढव. पण वाढवू नको.” की नलूताई खिडकीबाहेर कट्टा काढायच्या, त्यावर तीन टिकलीएवढी फुलं. पुढे बिल्डर मधली भिंत पाडून लाद्या बसवायचा आणि कट्टा गुपचूप बेडरूममध्ये यायचा. त्यांची आई खांद्यावरून नकाशा बघायची आणि म्हणायची, “गो बाय, इतकी फुलां लावतंस, एक गजरो तरी हाड घराक!”

मुलुंडला चंद्रप्रकाश नावाच्या बिल्डरची सात मजली इमारत होत आली होती. पालिकेची तपासणी व्हायच्या आतच त्याने सगळ्या भिंती पाडून लाद्या घातल्या. एक दिवस नलूताई साइटवर असताना सुलक्षणा म्हणून एक शाळामास्तरीण भेटली. तिसऱ्या मजल्यावर तिने घर घेतलं होतं.

“ताई, पलंग इथे बसेल ना?”

नलूताईंनी टेप धरला. उशीची बाजू बरोबर फुलांवर येत होती.

“बसेल,” त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी आला.

आणि मग अचानक निरोप आला, उद्या सकाळी तपासणी. चंद्रप्रकाशची वाट लागली. रातोरात भिंत कशी उठणार? त्याने विटांची एकेक ओळ रचून घेतली, लाद्यांवर प्लॅस्टिक पसरून माती टाकली आणि नर्सरीत माणूस पिटाळला. चौदा घरं होती, कुंड्या मिळाल्या चार घरांपुरत्या.

“एवढ्यात भागवू,” तो म्हणाला. “साहेब जिन्याने चढणार, कुंड्या लिफ्टने. मॅडम, तुम्ही नकाशा घेऊन त्यांना जिन्यात गुंतवा.”

पालिकेचे इंजिनिअर धोंडिराम हे पोट सुटलेले, शांत गृहस्थ होते. नलूताईंनी त्यांना प्रत्येक जिन्याची रुंदी मोजायला लावली. “पायरीची उंचीपण बघून घ्या ना साहेब.” त्यांनी तीही बघितली. पहिला मजला पार पडला, दुसरा पडला. तिसऱ्यावर धोंडिराम एका जास्वंदीपुढे उकिडवे बसले. पाचव्यावर पुन्हा एका जास्वंदीपुढे बसले, जरा जास्त वेळ.

“बाई,” ते म्हणाले, “पहिल्या मजल्यावर या पानावर एक गोगलगाय होती. तिसऱ्यावर होती. आता इथेही आहे. मला तर धाप लागली. ही कशी काय चढली?”

मागे चंद्रप्रकाश छताकडे बघत होता. नलूताईंना काहीतरी ठोकून द्यायचं होतं, पण आतून हसूच फुटलं. भिंतीला टेकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“साहेब, ती लिफ्टने आली.”

धोंडिरामही हसले. मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी नकाशावरच्या चौदाही कट्ट्यांवर फुल्या मारल्या. भिंती परत बांधल्याशिवाय राहायला जाण्याचा दाखला मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिहिर म्हणाले, “झालं ते झालं. फुलं पूस आणि तिथे ‘सर्व्हिस डक्ट’ लिही. पाइपांची जागाही मापात धरत नाहीत.”

“तुम्हीच लिहा,” नलूताई म्हणाल्या. “माझं अक्षर बिघडलंय.” आणि पर्स नि नकाशाची एक प्रत उचलून कायमच्या निघाल्या.

तिथून त्या थेट सुलक्षणाकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. ती भडकलीच. “म्हणजे मी कुंडीत झोपणार होते? आणि तुम्ही टेप धरून ‘बसेल’ म्हणालात!” तिचं बोलून संपल्यावर नलूताईंनी नकाशा पसरला आणि खरी खोली कुठे संपते ते बोटाने दाखवलं. तोच नकाशा घेऊन सुलक्षणा बाकीच्या घरवाल्यांना भेटली. चौदाही जण चंद्रप्रकाशच्या दारात बसले आणि कमी झालेल्या जागेचे पैसे वसूल करूनच उठले. नलूताईंशी मात्र ती वर्षभर बोलली नाही. नंतर तिच्याच बहिणीच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट निघालं, तेव्हा पहिला फोन नलूताईंना आला.

आता रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वाकोल्यापासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांचे नकाशे पसरलेले असतात. नलूताई चष्मा कपाळावर चढवून वाचतात. “हे जिम नाही, हा सेल्स ऑफिसचा गाळा. ही शोभेची पट्टी? हा तुमच्या शेजाऱ्याचा संडास रे बाबा!” लोक पोट धरून हसतात आणि एकेक शब्द लिहून घेतात.

गेल्या महिन्यात साकीनाक्याच्या एका सोसायटीच्या मीटिंगला त्या जाऊन बसल्या. बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडत होता. त्यांच्याकडे लक्ष जाताच त्याने तो पुन्हा मिटला.

“मॅडम, तुम्ही चहा घ्या. मी दुसरा प्लॅन घेऊन येतो.”