बाबांनी घेतलेली इंग्रजीची परीक्षा

नववीत मी इंग्रजीत नापास झाले, तेव्हा बाबांनी एकच सांगितलं, "पूरक परीक्षेतबी नापास झाली तं शाळा बंद." मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळ आमची संत्र्याची बाग होती आणि बागेत इंग्रजी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं, त्यामुळे वाद घालता येईना. "मले शिकाचं आहे, बाबा," असं मी रोज म्हणायचे. बाबा रोज जेवत राहायचे.

शाळेच्या फॉर्मवर माझी मातृभाषा हिंदी लिहिली होती. साऱ्या वर्गाचीच तशी होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. घरी जे बोलायचो ती आम्हाला भाषा वाटतच नव्हती, ते नुसतं बोलणं होतं. वर्गात इंग्रजीही हिंदीतून यायची. सर 'कॅट' म्हणायचे आणि आम्ही एका सुरात 'कॅट माने बिल्ली' म्हणायचो. पुस्तकातली ती बिल्ली मी कधी पाहिली नव्हती. आमच्या घरी मांजर होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत केरळातले एक मास्तर भाड्यानं राहायला आले. त्यांची इंग्रजी फर्डी, हिंदी मात्र आमच्याहून वाईट. भाजीबाजारातून ते बहुधा रिकामी पिशवी घेऊनच परतायचे. आईनं परस्पर सौदा ठरवून टाकला, "पोरीले इंग्रजी शिकवा जी, थे तुमाले आपलं बोलणं शिकवते." मास्तरांनी अट घातली की मधे हिंदी आणायची नाही.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मांजरीकडे बोट दाखवलं. मी 'मांजर' म्हटलं, ते 'कॅट' म्हणाले. दोन्ही एकच प्राणी आहे हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं मधे ती बिल्ली कशाला घातली, म्हणून राग आला, आणि तो पुष्कळ दिवस टिकला. मग त्यांनी वहीत आमच्या दोघांच्या भाषा मांडल्या. त्यांच्या चार भरल्या, माझ्या अडीच: घरचं बोलणं मराठी म्हणून पूर्ण एक, हिंदी एक, इंग्रजी अर्धी.

महिनाभरात मास्तर भाजीवालीला "काहून एवढी महाग देऊन रायली, बाई?" असं विचारू लागले. तिनं हसून दोन वांगी जास्त टाकली. त्यांची परीक्षा माझ्याआधी पार पडली.

पूरक परीक्षेत मी पास झाले. बाबांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "नंबर कोणीबी देते. बोलून दाखव." बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी परीक्षक तेच. ते खाटेवर बसले, मास्तर खुर्चीवर. पुढे काय करायचंय, असं मास्तरांनी मला इंग्रजीत विचारलं.

"आय वॉन्ट टू स्टडी," मी म्हटलं. "आय वॉन्ट टू गो टू स्कूल."

बाबांनी मास्तरांकडे पाहिलं. "काय म्हणून राहिली?"

मास्तर एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "मले शिकाचं आहे, म्हणून राहिली. शाळेत जाचं आहे म्हणते."

"असं?" बाबा म्हणाले. ते खरंच चकित झाले होते.

चुलीपाशी बसलेल्या आईनं भाकरी उलटली. "मराठीत तं उन्हाळाभर म्हणून राहिली होती," ती म्हणाली.

मग बाबांनी मला विचारलं, "पुस्तकं कधी घ्याची?"

"उद्या," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, आणि त्यांना ऐकू आलं.